गाळणी, कंगवा आणि उलटी कानस

माझी हत्यारांची पेटी पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही बाई एक तर शिवणकाम करते, नाही तर घर सोडून निघालीय. पेटीत विणकामाच्या तीन सुया, दोन कंगवे, शेवेचा सोऱ्या, करंजीचं कातणं, चहाची गाळणी, वेगवेगळ्या मापाच्या अकरा बांगड्या, संपलेल्या रिफिली, नव्या शर्टाच्या कॉलरमधून काढलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि प्लंबरकडून कोरा कापून आणलेला हातभर पाइप आहे. एकदा बाणेरला कार्यक्रमाच्या जागीच केक पुरा करायचा होता. दारावरच्या रखवालदाराने पेटी उघडली, एकेक वस्तू नीट पाहिली आणि विचारलं, ‘‘पार्लरवाल्या का?’’ मी म्हटलं, ‘‘हो. केकचं पार्लर.’’ त्याने आत सोडलं, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

वानवडीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी बावीस वर्षं केक सजवले. उजव्या अंगठ्याचा सांधा कुरकुरायला लागल्यापासून ऑर्डरी कमी केल्या आहेत. त्यामुळे दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्यांना ‘वेळ नाही’ हे उत्तरही आता देता येत नाही.

तर आधी फॉन्डंट म्हणजे काय ते सांगते. पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, जिलेटिन आणि थोडं ग्लिसरीन एकत्र मळलं की कणकेसारखा पांढरा गोळा होतो. तो लाटायचा, केकवर अंथरायचा आणि सुरकुती न पडू देता खालपर्यंत बसवायचा. उरलेल्या गोळ्याची फुलं, पानं, बाहुल्या, मोटारी, जे मागाल ते. हा गोळा उघडा राहिला तर तडकतो. फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर आल्यावर त्याला घाम फुटतो. मे महिन्यात तो पाघळतो आणि जुलैत चिकटतो. पुण्यात वर्षातले चार महिने काय तो माणसात असतो.

आणि एवढं करून लोक तो खात नाहीत. दोन-दोन दिवस जागच्या जागी बसून केलेला गुलाब पाहुणे चमच्याने अलगद बाजूला सारतात आणि खालचा स्पंज खातात. माझी निम्मी कारकीर्द अशी कागदी प्लेटच्या कडेला पडून राहिली आहे. पहिल्या पहिल्यांदा वाईट वाटायचं. नंतर मी वाढदिवसांना केक कापायच्या आत निघायला लागले.

हत्यारं विकत मिळत नव्हती असं नाही. परदेशी सेट मिळायचे, गुलाबी मुठींचे, मखमली डब्यातले. मी शिकत होते त्या क्लासमध्ये बाईंनी असा सेट दाखवला, तेव्हा मी त्यातलं एक हत्यार हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. पाकळीची कड पातळ करायचं ते हत्यार म्हणजे काठीच्या टोकाला लावलेला गोल मणी. मणी तुळशीबागेत ढिगाने मिळतात आणि काठी आइस्क्रीमच्या कांडीची चालते, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही.

शिवाय घरात कारागीर होता. माझ्या अब्बांचं भवानी पेठेत पत्र्याचं दुकान होतं. चाळण्या, नरसाळी, धान्याचे डबे असं काम. मी त्यांना पाकळीचा कागदी नमुना दिला आणि अशा आकाराचा साचा हवा म्हटलं. त्यांनी बिस्किटाच्या डब्याची पट्टी कापली, दोन मिनिटांत वाकवली आणि कडा एकमेकींत दुमडून घट्ट ठोकली. ‘‘खाण्याच्या जिनसेला डाग नको,’’ म्हणाले. डाग म्हणजे धातू जोडायला वितळवून लावतात ते शिसं-कथील. मग साचा उलटसुलट करून त्यांनी विचारलं, ‘‘याने काय कापणार?’’ मी म्हटलं, ‘‘साखर.’’ त्यांनी आणखी चार साचे करून दिले आणि चहा सांगितला.

त्यानंतर माझी नजरच बिघडली. घरातली प्रत्येक वस्तू बघून हिचा ठसा कसा उमटेल एवढंच मनात यायचं. कातण्याने रजईची शिवण येते. सोऱ्यातून बाहुलीचे केस निघतात, गवत निघतं, दोर निघतो. कंगव्याचे दात ओढले की लाकडाच्या रेषा दिसतात. रिफिलचं तोंड तिरकं टोचलं की माशाचे खवले होतात. कॉलरच्या पट्टीने बाहुलीच्या ओठांची फट मारायची. अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये पातळ कापड घालून पाकळ्या वाळवायच्या, म्हणजे त्यांना आपोआप बाक येतो. नणंदेच्या लग्नात मी तिच्या शालूच्या काठाकडे इतका वेळ बघत होते, की तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘आवडला असेल तर तुम्हालाही आणू हो.’’

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. हिंजवडीच्या एका कंपनीतल्या पोरांनी साहेबांच्या निरोपाला लॅपटॉपचा केक सांगितला होता. एकेक बटण सुटं कापायचं, त्यावर अक्षर काढायचं आणि ओळीत लावायचं. मी ते मोठ्या हौसेने केलं, आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये मांडीवर धरून पोचवलंही. दुसऱ्या दिवशी मला रीतसर ईमेल आला. केक उत्तम होता, साहेब खूश झाले, मात्र ‘एम’ आणि ‘एन’ यांची जागा बदलली आहे, सोबत फोटो जोडला आहे, तरी पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. खाऊन संपलेल्या केकची पुढची आवृत्ती कशी काढतात, हे मी त्यांना विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी क्लास घ्यायचे तेव्हा लोणी काळभोरहून मंगल नावाची एक मुलगी यायची. मोठी हुशार, हाताला वळण चांगलं. पेरूचं पान फॉन्डंटवर दाबलं की शिरा हुबेहूब उमटतात, हे मी एका वर्गात दाखवलं आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, ‘‘साचा कशाला विकत घ्यायचा? कुठलंही पान चालतं.’’ पंधरा दिवसांनी भाच्याच्या बारशाच्या केकचा तिने फोटो पाठवला. वर लांबट, निमुळती चाळीसेक पानं. मी लगेच फोन लावला.

‘‘मंगल, पान कशाचं घेतलंस?’’

‘‘दारातल्या कण्हेरीचं, मॅडम. लई भारी उठतंय. शिर बघा ना कशी सरळ हाय.’’

‘‘केक कुठंय?’’

‘‘टेबलावर हाय. आता पाळणा म्हणतील, मग कापायचाय.’’

‘‘कापायचा नाही. कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. खड्डा खणून पुरून टाक. आणि गुरांना घालू नकोस.’’

कण्हेर विषारी असते, तिच्या पानाचा चीकसुद्धा पोटात जाता कामा नये. हे मंगलला माहीत होतं. गावात शेळीलाही कोणी कण्हेरीकडे फिरकू देत नाही. पण पान म्हणून माहीत असलेली वस्तू हत्यार म्हणून हातात आली, की माणूस वेगळं बघतो. पाहुण्यांसमोर केक उचलून न्यावा लागला म्हणून ती फोनवर रडली. चूक माझी होती. ‘कुठलंही’ हा शब्द मी त्या दिवसापासून क्लासमध्ये उच्चारला नाही. त्याची बोच आजही आहे.

आता मला जे सांगायचं आहे, त्याकडे येते.

पाचेक वर्षांपूर्वी ज्योती नावाची बाई धानोरीहून आली. वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. वडील म्हणजे साळवेकाका. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात गेली. टूलरूम म्हणजे जिथे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात ती जागा. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली होती. ज्योती नवऱ्यासह त्यांच्याकडेच राहायची आणि तिला एक मुलगी होती, यशोधरा. घरात यशू.

‘‘मॅडम, दिसायला कसाही असू दे,’’ ज्योती म्हणाली. ‘‘त्यांनी हात लावावा असा केक हवाय.’’

बावीस वर्षांत असं मागणारं गिऱ्हाईक एकच. सगळे म्हणतात, हात लावू नका. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काका चाचपडत कप शोधत होते. धक्का लागून उकळता चहा यशूच्या पावलावर पडला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. पाऊल बरं झालं, डाग राहिला. काकांना तो दिसत नव्हता, पण तो आहे हे माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी चाचपडणंच सोडून दिलं. भिंत धरायची नाही, काठी घ्यायची नाही, ताटातलं शोधायचं नाही. कोणी घास दिला तर खायचा, नाही तर हाताची घडी घालून बसायचं. आणि नातीला जवळ घ्यायचं नाही. ती मांडीवर चढायला आली की ते उठून उभे राहायचे.

‘‘हात कामातून गेलेत म्हणतात,’’ ज्योती म्हणाली. ‘‘डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाहीये. डोळ्यांचं मी समजू शकते, मॅडम. पण हात चांगले आहेत हो त्यांचे.’’

मी ठरवलं, काकांची हत्यारांची पेटी करायची. उघडी पेटी, आत हातोडी, पाना, मापं घ्यायचा कॅलिपर, भोकं पाडायचा पंच आणि धातू घासायची कानस. नमुने बघायला त्यांच्या घरी गेले. काका गॅलरीत खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते, ताठ.

‘‘बाबा, केकवाल्या मॅडम आल्यात.’’

‘‘ऐकलं. डोळे गेलेत, कान आहेत.’’

मी म्हटलं, ‘‘काका, तुमची हत्यारं बघायला आलेय.’’

‘‘बघा. कोणी तरी बघायला हवीतच.’’

‘‘एखादी कानस घेऊन जाऊ का? परत आणून देईन.’’

‘‘न्या. परत आणायची घाई नाही. इथे कोणी वाट बघत नाही तिची.’’

एवढाच आमचा संवाद. आम्ही पुण्याचे असल्यामुळे दोघांनाही तो पुरेसा वाटला.

त्या केकवर मी चार दिवस घालवले. हातोडीच्या दांड्याला कंगव्याने लाकडाच्या रेषा दिल्या. पंचाच्या मुठीवर हात घसरू नये म्हणून बारीक चौकटी कोरलेल्या असतात, त्या चहाच्या गाळणीने उठवल्या. आणि कानशीसाठी नक्कल कशाला, खरी कानसच होती. ती घासून, उकळून, पुसून घेतली, वर पातळ प्लास्टिक ताणलं आणि फॉन्डंटच्या पट्टीवर दाबली. तिरक्या बारीक दातांची ओळ इतकी सुरेख उमटली, की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. तो ‘छान’ म्हणाला आणि परत झोपला. वाळल्यावर त्या पट्टीला मी चंदेरी पूड लावली, आंधळ्या माणसासाठी.

वाढदिवस रविवारी दुपारी होता. वीसेक माणसं होती. या खेपेला मी थांबले. गाणं म्हणून झालं आणि ज्योतीने काकांना टेबलापाशी आणलं.

‘‘बाबा, हात लावून बघा ना. काय केलंय ओळखा.’’

‘‘केक आहे. त्यात ओळखायचं काय?’’

‘‘निदान कापा तरी.’’

‘‘तुम्ही कापा. मी कापला तर कोणाचं तरी बोट जाईल.’’

लोक हसले. काका हसले नाहीत. ज्योतीचा चेहरा उतरला आणि तिने सुरी उचलली. मला तिची कीव आली आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही आली. चार दिवस मी ज्या बोटांसाठी राबले होते, ती बोटं काखेत दाबून उभी होती.

मी म्हटलं, ‘‘काका, एक विचारू? मी साखरेत काम करणारी बाई. कानस आयुष्यात पहिल्यांदा केली. बरोबर झालीय का, हे इथे दुसऱ्या कोणाला कळणार नाही.’’

‘‘मला केकमधलं कळत नाही.’’

‘‘केकचं नाही विचारत. कानशीचं विचारतेय.’’

ज्योतीने सुरी खाली ठेवली. मग घडीतून उजवा हात सुटला आणि एक बोट पुढे आलं. मी त्यांचं मनगट धरून बोट पट्टीवर टेकवलं आणि सोडून दिलं. बोट थोडं पुढे गेलं, थांबलं, मागे आलं. मग नख लागलं. मग दुसरं बोट आलं.

‘‘ही कोणी केली?’’

‘‘मी.’’

‘‘उलटी आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे उलटी. दात भलत्याच बाजूला झुकलेत. साठ वर्षांत अशी कानस मी पाहिली नाही. थेट दाबलीत ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग उलटंच उमटणार! शिक्का कधी पाहिला नाहीत का तुम्ही? आधी कशाचा तरी उलटा साचा घ्यायचा आणि त्यातून सुलटी काढायची. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.’’

माझे कान तापले. पानं, लेस, शालूचे काठ यांचे ठसे मी इतकी वर्षं घेत आले होते, आणि त्यात डावं-उजवं कोणी बघत नाही. त्यामुळे एवढी साधी गोष्ट डोक्यातच आली नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तर काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दोन्ही हात पेटीत फिरत होते.

‘‘हातोडीचा दांडा चांगला आहे. कशाने केलात, कंगव्याने? एक दात तुटका आहे त्याचा. पाना जाड झालाय. पंचाची मूठ बरी आहे. ही जाळी कुठली? चहाची गाळणी?’’

‘‘चहाचीच.’’

‘‘ही युक्ती चांगली आहे,’’ ते म्हणाले आणि बोटाला लागलेली साखर चाटली. ‘‘गोड फार आहे.’’

ज्योती माझा दंड घट्ट धरून उभी होती. चुकलेल्या कामाबद्दल एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही.

तीन दिवसांनी फोन आला. ‘‘साळवे बोलतोय. तुमची हत्यारं सगळी अशीच घरगुती आहेत का?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग बघायला हवीत,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या शनिवारी ज्योती त्यांना आणि यशूला रिक्षाने घेऊन आली, आणि तो परिपाठच पडला. मी काम करायचे आणि काका माझ्या पेटीतला माल एकेक करून चाचपायचे आणि नापास करायचे. मण्यांच्या काठ्या हलतात. सुयांना मूठ नाही. लाटायचा पाइप एका बाजूला खरबरीत आहे. मग पॉलिशपेपर मागवायचे आणि घासत बसायचे, बोटाने तपासायचे, परत घासायचे. माझ्या अंगठ्याचं दुखणं त्यांना, मी सुई कशी धरते ते चाचपून कळलं. अंगठ्याला चोळलेलं तेल पुसून त्यांनी माझ्या मुठीचा घेर दोऱ्याने मोजला आणि जाड लाकडी मुठी बसवून दिल्या. आज मी जेवढं काम करू शकते ते त्या मुठींमुळे.

पण यशू जवळ आली की हाताची घडी पडायची. लाकूड चालायचं, पत्रा चालायचा, माझी मूठसुद्धा चालली, फक्त ती पोर चालत नव्हती. तिनेही हे ओळखलं होतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून फॉन्डंटचे तुकडे खायची. माझ्या आयुष्यात फॉन्डंट मनापासून खाणारी ती एकटीच. मी ज्योतीला एकदा म्हटलं, होईल हळूहळू. वर्ष होत आलं, तरी झालं नव्हतं. काकांशी यावर बोलायची माझी छाती झाली नाही. हत्यारांबद्दल काहीही बोला, पण बाकीच्या बाबतीत ते दार लावून घ्यायचे.

यशू आठ वर्षांची होणार होती. तिला केकवर ती स्वतः हवी होती, सायकलसकट. ज्योतीने फोटो पाठवला आणि मी डोकं करायला घेतलं. फॉन्डंटच्या चेहऱ्यात सगळी मेख नाकात असते. चिमूटभर गोळी, दोन बोटांत ओढायची आणि मण्याच्या काठीने खालून दोन खळगे द्यायचे. थोडं इकडेतिकडे झालं की भलताच माणूस तयार होतो. त्या शनिवारी डोकं वाळून तयार होतं. काकांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, मी त्यात ते ठेवलं. लिंबाएवढं डोकं त्यांच्या तळव्यात बसलं आणि बोटं फिरली.

‘‘हे कोण?’’

‘‘यशू.’’

‘‘नाक चुकलंय.’’

‘‘फोटोवरून केलंय काका. तीनदा बदललं.’’

‘‘फोटो चुकीचा असेल. यशूचं नाक बसकं आहे. पुढे बटणासारखं. हे मधून उंच काय काढलंत?’’

‘‘तसंच आहे ते.’’

‘‘बाई, माझी नात आहे ती.’’

‘‘माझं नाक बटण नाहीये!’’ स्टुलावरून आवाज आला.

यशू रागाने लाल झाली होती. ती उठली आणि तोंडातला तुकडा गिळत काकांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. काकांनी डोकं घाईघाईने माझ्याकडे दिलं आणि हाताची घडी घातली.

‘‘आजोबा, बघा माझं नाक. मॅडमचं बरोबर आहे.’’

‘‘बरं, असेल.’’

‘‘असेल नाही. बघा.’’

‘‘यशू, लांब हो. लागेल तुला.’’

‘‘नाकाला काय लागणारे?’’ ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. तिने त्यांच्या घडीतला उजवा हात मनगटाला धरून ओढून काढला आणि नाकावर ठेवला.

हात तसाच राहिला. ज्योती स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मग त्यांचं पहिलं बोट हललं. नाकाच्या शेंड्यावरून वर गेलं, मधल्या उंचवट्यावर थांबलं, परत खाली आलं.

‘‘हे कधी झालं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘एवढं नाक.’’

‘‘असंच झालं,’’ यशू म्हणाली. ‘‘मी मोठी झाले ना.’’

दुसरा हात वर आला. कपाळ, भुवया, गाल. ओठांपाशी अंगठा थबकला, कारण ती बोलायला लागली होती.

‘‘हा दात?’’

‘‘पडला. मी सांगितलं होतं तुम्हाला.’’

‘‘सांगितलं होतंस.’’ त्यांचा अंगठा त्या फटीवर टेकला. ‘‘मला वाटलं खालचा.’’

मी रडले, हे कबूल करते. फॉन्डंटवर पाणी पडलं की डाग पडतो, म्हणून हातातलं डोकं लांब धरून रडले. ज्योतीचा चहा ट्रेमध्ये सांडला आणि कोणी तिकडे बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, ‘‘बाई, नाक तुमचंच बरोबर आहे. माझं माप जुनं होतं.’’ हे बोलताना मान माझ्याकडे वळली, हात मात्र जागचे हलले नाहीत.

‘‘आता कान बघा,’’ यशू म्हणाली आणि केस मागे सारून उभी राहिली.